नागलीवर बांधलेली कॅसेट

सुनीचे बाबा,

त्या सकाळी मी विहिरीवरून दोन हंडे आणले, चूल पेटवली, तुमच्या भाकऱ्या बांधून दिल्या. तुम्ही ठाण्याला कामावर गेलात. मग मी पेटीतल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींतली एक काढली, तिची काळी फीत ओढली आणि डोंगरावरच्या आपल्या नागलीच्या शेताभोवती बांधली. वाऱ्यात ती भणभणायची. पाखरं कणसांना शिवली नाहीत. किती खूश होते मी!

कव्हरवर चिठ्ठी होती. पण तेव्हा मला कुठे वाचता येत होतं?

आज लिहायला बसले, कारण काल तुमचे दोस्त अन्वरभाई आपल्या पोशेऱ्याला आले होते. जव्हारचं शिलाईचं दुकान बंद ठेवून! तुमच्या गाण्याचं शूटिंग करणाऱ्याकडे आधी विचारून आले होते. त्याने मूळ कॅसेटवर दुसऱ्याचं लग्न भरलंय.

"भाभी, घरात बघा. तुमचा नवरा मरेपर्यंत म्हणत राहिला, अन्वरनेच कॅसेट दाबली. सापडली तर त्याच्या फोटोपुढे लावतो. त्याला म्हणतो, आता बोल!"

मी नुसतं "बघते" म्हणाले.

आठवतं का हो? जव्हारात एका ओळखीच्याचं लग्न उरकलं होतं, मंडप सोडायचा होता, तेवढ्यात तुम्ही चौघे स्टेजवर चढलात. पंक बँड म्हणे! नाव काय, तर 'गंजका पत्रा'. अन्वरभाई गिटार ओरबाडत पाण्याचं गाणं ओरडत होते, "टँकर कुठंय?" तुम्ही ड्रम बडवत होतात. तुमची आई मला म्हणाली, "याला काही बाहेरचं लागलं का गं?" सूर्यमाळचे पाहुणे आधी बिचकले, मग तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडले, "टँकर कुठंय?"

आपल्याकडे कॅसेट लावायचं मशीन नव्हतं. तुम्ही कॅसेट बघायला अन्वरभाईंकडेच न्यायचात. म्हणून ती दिसेना तेव्हा तुम्हाला वाटलं, त्यांनीच ठेवून घेतली. तुम्हा दोघांचं बोलणं बंद झालं.

पुढे सुनीच्या पुस्तकावरून, पुड्यांच्या कागदांवरून मी अक्षरं लावायला शिकले. एक दिवस पेटी झाडताना ते रिकामं कव्हर हाती आलं. तुमचंच अक्षर. 'गंजका पत्रा, जव्हार.' नागलीवर बांधली ती हीच फीत!

तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं? तुम्ही कधी माझ्यावर हात उगारला नाहीत, मोठ्याने बोललाही नाहीत. तरी भ्याले. आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले, आणि तुम्ही गेलात.

पण तुमचंही चुकलंच. मित्राला चोर म्हणण्याआधी घरात एकदा विचारायचंत ना!

आता अन्वरभाईंना सगळं सांगेन. तुमच्या वाटची माफीही मीच मागेन. रागावू नका.

तुमची,
सखू

ता. क. हे लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीने जव्हारला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबले. मग रिकामं कव्हर अन्वरभाईंच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी तुमचं अक्षर वाचलं आणि विचारलं,

"पाखरं तरी पळाली का, भाभी?"

"पळाली," मी म्हणाले.