पाच बाह्यांचा कोट

तीर्थस्वरूप काका,

तुम्हाला आणि काकूंना साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे खुर्चीत बसूनच केला आहे, पण पूर्ण घातला असं समजून घ्यावं.) तब्येत कशी आहे? हाताचा कंप कमी आहे का? डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबता का, की तो अजून शिवणयंत्राच्या खणातच आहे? इकडे सगळे ठीक. इतक्या वर्षांनी मी हातानं पत्र का लिहितोय असं तुम्हाला वाटेल. अक्षर फार बिघडत चाललंय, म्हटलं जरा वळण लावावं, दुसरं काही नाही.

मागे फोनवर तुम्ही विचारलं होतंत, की "बेतणी"ला नवं रूप द्यायला दीड वर्ष लागलंच कसं. खरं तर हा प्रश्न विचारायचा पहिला हक्क तुमचाच. तुमच्या हातात खडू ठरेना तेव्हा तुमच्यासाठीच मी तो प्रोग्रॅम लिहिला. मापं घातली की कापायचा नमुना कागदावर छापून येतो आणि काकू तो कापडावर टाचून कात्री चालवतात. मग तो सगळ्यांना फुकट वाटला आणि आता कुठले कुठले शिंपी तो वापरतात आणि मला शिव्या घालतात. तर काका, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस पडद्यावरची बटणं, खिडक्या, याद्या स्वतः घडवत नाही. तुम्ही जशी हुकं आणि चेन तयार आणता, तसं आम्ही ते सामान तयार घेतो. त्याला टूलकिट म्हणतात. आमचं टूलकिट बनवणारी मंडळी म्हातारी झाली (म्हणजे चाळिशीची, आमच्यात हे म्हातारपणच) आणि त्यांनी जाहीर केलं, की यापुढे दुरुस्ती होणार नाही. म्हणजे नव्या कॉम्प्युटरांवर "बेतणी" उघडणारच नाही. मी म्हणालो, त्यात काय, सदरा तोच ठेवू, नुसती बटणं बदलू, दोन आठवड्यांचं काम. हे मी लेखी दिलंय, आणि लोक ते मला अजून अधूनमधून पाठवतात.

बटण काढायला गेलो तर काज फाटलं. काज नवं केलं तर पट्टी आखूड पडली. पट्टी बदलली तर गळा बसेना, आणि गळ्याला हात घातला तर खांदेच उसवले. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा जुन्या सदऱ्याचा एक खिसा तेवढा शिल्लक होता, आणि तोही उलटा लागला होता. त्यात आम्ही तिघं. एक सुतार (खराखुरा सुतार, दिवसा लोकांची दारं बसवतो आणि फावल्या वेळात आमच्या खिडक्या), एक हेडमास्तर (हे कुठल्याच शाळेत नाहीत, पण दुसऱ्याच्या कामावर लाल शेरे मारायची हौस दांडगी) आणि मी. आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यामुळे भांडणं अगदी मनमोकळी होतात. बटणाचे कोपरे गोल असावेत की चौकोनी, यावर एकशे बारा पत्रं झाली. तुमच्या सूनबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, एकदा मागून डोकावून विचारलं, एवढं कशावरून पेटलंय? मी सांगितलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी हळू आवाजात बोलत होती.

जुन्या टूलकिटला एक खोड होती. बटण एकदा दाबलं, की पुढचा अर्धा सेकंद ते ढिम्म. कितीही दाबा, ऐकायचंच नाही. हेडमास्तरांना याचा भयंकर राग. नव्यात प्रत्येक दाब इमानेइतबारे मोजला जातो. सुधारणांच्या यादीत आम्ही हे सगळ्यात वर छापलं आणि तुमच्या कॉम्प्युटरवर तर मी पहिल्याच दिवशी हौसेनं नवं रूप चढवलं.

तिसऱ्या दिवशी तक्रारवहीत (ती इंटरनेटवर असते, नाव न देताही लिहिता येतं) एका गृहस्थांची तक्रार आली. फार सभ्य. "'बाही जोडा' हे बटण दाबले असता कोटाला पाच बाह्या येतात. सवडीने पाहावे. मुलांनो, मेहनत छान घेतली आहे." हेडमास्तरांनी "वापरणाऱ्याची चूक" असा शेरा मारून तक्रार बंद केली. तेवढ्यावर भागलं असतं, पण मला विनोद सुचला ना! मी खाली लिहिलं, "कोट घालणाऱ्याचे हात आधी मोजून घ्यावेत." सुतारानं हसरा चेहरा टाकला. मी दिवसभर स्वतःवर खूश. गृहस्थांनी एवढंच उत्तर दिलं, "बरं. माझीच चूक असेल."

परवा जुन्या तक्रारी चाळताना मी त्यांनी जोडलेला नमुना उघडला. (होय, उत्तर आधी दिलं आणि नमुना तीन महिन्यांनी पाहिला.) खरंच पाच बाह्या होत्या. शेजारी टीप होती, "शिवणीला माया दीड बोट सोडावी." काका, ती टीप मी तीन वेळा वाचली.

असो. बाकी सगळं क्षेम. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमचा,
दोन आठवडेवाला पुतण्या

ता. क. सगळे शिंपी इंच लिहितात. बोटांत मापणारा मला एकच माहीत आहे, आणि त्यानंच मला मांडीवर बसवून कापडावर बोट कसं टेकवायचं ते शिकवलं. आणि तुम्ही तीन महिने फोनवर "छान झालंय रे, एकदम चकाचक" म्हणत होतात! मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरवर चादर घातली आहे, गिऱ्हाइकांना "आता शिवत नाही" म्हणून परत पाठवता आणि दुपारभर खिडकीशी बसून राहता. म्हणून हे कागदावरचं पत्र. अक्षराची थाप होती. काका, चुकलो मी. तुमच्या हाताचं काहीही चुकलेलं नाही. हात मोजायला सांगणारा मी गाढव.

आणखी एक ता. क. अर्ध्या सेकंदाची ती खोड मी नव्या टूलकिटमध्ये परत घातली आहे, म्हणजे बोट कापून बटणावर पाचदा टेकलं तरी दाब एकच धरला जाईल. सुताराला हकिगत कळली तेव्हा त्यानं दोन दिवस दारं बाजूला ठेवून बटणं मोठी केली. (कोपरे गोल. मी हरलो.) पण हेडमास्तरांचा नियम असा, की बंद झालेली तक्रार मूळ तक्रारदारानंच पुन्हा उघडायची, आणि दुरुस्ती त्यानंच तपासून "चालते" असं लिहायचं. मी म्हटलं, अहो, काका आहेत माझे. ते म्हणाले, मग तर नियम अजिबात मोडणार नाही. (तासाभरानं त्यांचं वेगळं पत्र आलं, की शेरा खोडला आहे, गृहस्थांना माझी माफी कळवावी.) तेव्हा चादर काढा आणि तक्रार उघडा. या वेळी सभ्यपणा नको, नावानिशी चांगली कानउघाडणी करा.

शेवटचा ता. क. तपासायला खरा कोट लागेल, आणि मला एक हवाच आहे. मापं तुमच्या वहीत आहेत, पोटाला तेवढी तीन बोटं वाढवा. (सूनबाई म्हणते, पाच.) बाह्या दोन पुरेत. तिसरी आलीच तर उसवू नका, तशीच राहू द्या. मी पहिल्या गाडीनं येतो.