पूजेच्या दिवशी बसवलेला अॅक्सल

बेहाला, कोलकाता
विश्वकर्मापूजा, संध्याकाळ

तीर्थस्वरूप मंगलाताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). सांगलीत पाऊस उघडला का? भाऊजींचा खोकला काय म्हणतो? आम्ही दोघं खुशाल आहोत. घरातली तिसरी म्हणजे आमची म्हातारी पिकअप गाडी आजच दुखण्यातून उठली, आणि हे सगळं पुराण तिचंच आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मधुवंतीने पंगतींची जेवणं करून द्यायला घेतली, हे तुला ठाऊक आहेच. पुढच्या रविवारी बराकपूरला एका मराठी कर्नलसाहेबांच्या नातीचं बारसं आहे आणि सगळा स्वयंपाक हिच्याकडे. पहिलीच मोठी ऑर्डर! ही नीट पार पडली तर पुढे, नाहीतर चूल बंद, असं तिने जाहीर केलंय, आणि ती जाहीर केलेलं करते (माझ्या सिगारेटी आठव). नेमका अशा वेळी गाडीचा मागचा अॅक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला लोखंडी कणा, एका खड्ड्यात मोडला.

मल्लिकबाजारात तशाच गाडीचा जुना अॅक्सल मिळाला. निमाई मिस्त्रीने तो काल बसवायला घेतला आणि तिथेच आमचं चुकलं. आपण हत्यारं पुजतो खंडेनवमीला, इथले लोक विश्वकर्मापूजेला, म्हणजे आज! इतकी वर्षं इथे काढूनही माझ्या डोक्यात कॅलेंडर सांगलीचंच. देवापुढे गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी म्हणून निमाईने घाईघाईत बोल्ट आवळले. सकाळी हार, नारळ, शेंदूर, सगळं साग्रसंगीत झालं. मग मी गाडी रस्त्यावर काढली, तर ती खेकड्यासारखी चालू लागली! तोंड बाजाराकडे आणि पाठ शेजारच्या गल्लीकडे. एक ऑटोवाला मला असं काही बोलला की माझं बंगाली सुधारलं.

निमाईने वाकून पाहिलं. चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधून जो बोल्ट जातो, त्याचं डोकं अॅक्सलवरच्या भोकात बसायला हवं. डावीकडे बसलं होतं, उजवीकडे भोकाशेजारी नुसतं टेकलं होतं. काम थोडक्यातलं, पण आज हत्याराला हात लावायचा नाही. विसर्जन झालं की तो गावी जाणार, आणि गावी गेलेला निमाई दुर्गापूजा उरकूनच उगवतो. मधुवंती देवापुढे मांडलेल्या पान्यांकडे नुसती बघत राहिली. ताई, मला फार वाईट वाटलं गं.

तेव्हा मला सुचलं (मला, हे ध्यानात असू दे) की आपली हत्यारं खंडेनवमीची, म्हणजे आज ती मोकळी! घरची पेटी घेऊन आलो. निमाई विचारात पडला. "आपनादेर ठाकुर आलादा?" म्हणजे तुमचा देव वेगळा का? मी म्हटलं, देव तोच, सुट्टी वेगळी. हे त्याला पटलं. प्रसादाच्या खिचडीचं ताट मांडीवर घेऊन तो खुर्चीत बसला आणि तिथून हुकूम सोडू लागला. गाडी जॅकवर चढवून बोल्ट सैल केले, हातोड्याने ठोकत ठोकत अॅक्सल सरकवला, आणि बोल्टाचं डोकं टक् करून भोकात बसलं. मग पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी लावून अंतर सारखं आहे ना ते पाहिलं. गाडी आता शहाण्यासारखी सरळ धावते. येताना मधुवंती चक्क गुणगुणत होती.

आशीर्वाद असू द्यावा.

तुझा,
दिगंबर

ता. क. पत्राचं खरं कारण असं. मागे तू फोनवर तिला म्हणालीस, "या वयात कशाला हे भलतं?" ते तिच्या मनात रुतून बसलंय. मी "जमेल" म्हटलं तर ती म्हणते, नवरा दुसरं काय म्हणणार. तू एकदा फोन करून "जमेल तुला" एवढं म्हण. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस.

ता. क. २. वन्सं, पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याचकडे दिलं, तेव्हा वाचलं. गाडीखाली मी होते. हे सुतळीचं टोक धरून वाकले होते, कंबर त्यात धरली. तुम्ही फोन करू नका. कुणी सांगून म्हटलेलं "जमेल" मला नको. सरळ निघून या. बराकपूरला गाडी मी चालवणार, हे मागे पातेली धरून बसतील, तुम्ही पुढे माझ्या शेजारी. शेवटची पंगत उठेपर्यंत थांबा, आणि मग तुम्हाला काय वाटलं ते माझ्या तोंडावर सांगा. — मधुवंती