चेहरा उघडा ठेवून ये

मंगळवार, दुपारी

प्रिय ठोंब्या,

आशीर्वाद घे. माझ्याकडे फारसे उरलेले नाहीत, पण आहेत ते तुझेच. इकडे आम्ही ठीक आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. दुकान चालू आहे. दिवसभर कानस, किल्ल्यांचा कीस आणि गिऱ्हाइकांची घाई. समोरच्या शिंप्याने नवा चष्मा केलाय. त्यात तो अगदी घुबड दिसतो, पण त्याला सांगायची कुणाची छाती झालेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. बराकीत फोन जमा करून घेतात असं जमादारकाका म्हणाले, ते मी खरं धरून चालते. हे पत्र तेच घेऊन येतील. चौकीत एवढी वर्षं काढलेला माणूस, निवृत्तीला टेकला, आणि आपण त्यांना टपालवाला करून टाकलंय.

आता कामाचं. तुमचं पथक बाबांना न्यायला येणार आहे. याच आठवड्यात. काकांनी मला भाजीच्या दुकानात गाठून सांगितलं, तेही टोमॅटो निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. गुन्हा काय, तर बाबांनी गल्लीतल्या दारांना आतून लोखंडी अडसर बसवून दिले. मागच्या धाडीत एक दार फुटता फुटेना, तुमच्या कुणा साहेबाचा खांदा निखळला, आणि हे काम कुणाचं याचा तपास झाला. तपास कसला डोंबलाचा. बाबा आपल्या प्रत्येक कामावर खूण ठोकतात, ती त्या अडसरावरही होती.

"मीच त्यांना चौकीत घेऊन येते," मी काकांना म्हटलं. "काय विचारायचं ते विचारा."

"चौकीत त्यांचा कागदच नाही, पोरी. आम्ही बोलवायचो. पथक बोलवत नाही, पथक येतं."

पुढे काय होणार हे मला दिसतंय, तुलाही दिसत असेल. आधी दाराबाहेरून ओरडतील. बाबांना ते ऐकू जाणार नाही. जन्मभर लोखंड ठोकून त्यांचे कान गेले ते तू शाळेत असतानाच गेले. माणूस समोर असला की ओठांवरून ते सगळं ओळखतात, तू हळू आवाजात दिलेल्या शिव्यासुद्धा त्यांना कळायच्या. पण तुमच्या लोकांच्या तोंडाला काळा फडका आणि डोक्यावर हेल्मेट. त्यावरून त्यांनी काय ओळखायचं? मग दार फोडतील, आणि आत एक म्हातारा उभा असेल, हातात हातोडी नाहीतर कानस घेऊन, कारण त्यांच्या हातात दुसरं कधी काही नसतंच. हात वर कर म्हटलेलं ते करणार नाहीत. मग काय होतं ते तुमच्या शिक्षणात शिकवलंच असेल.

म्हणून तू ये. रजा काढ, थाप मार, पोट दुखतंय म्हण, शाळेत त्या कामात तुझा हात कुणी धरत नव्हतं. साध्या कपड्यांत ये, बाबांच्या समोर उभा राहा आणि तूच त्यांना घेऊन जा. त्यांना दुसरीकडे नेऊन ठेवावं तर ते उंबरठा ओलांडत नाहीत. माझं ऐकत नाहीत. तुझ्याबरोबर येतील असं मला अजून वाटतं.

ते असे का झाले हे तुला माहीत नसेल, म्हणून मागचं सगळं सांगते.

शिंप्याच्या घरावर तुमची पहिली धाड पडली त्या सकाळची गोष्ट. मी दुकानाची फळी उघडत होते. ती मोठी चिलखती गाडी गल्लीत शिरली तेव्हा दोन्हीकडच्या भिंतींना जेमतेम हातभर जागा उरली. माणसं धडाधड उतरली आणि शिंप्याच्या दाराशी उभी राहिली. बाबा आतून बाहेर आले, बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "मला सांगायला विसरले वाटतं." आणि त्यांनी आपली पिशवी उचलली.

आता यात हसावं की रडावं ते तू सांग. एवढी वर्षं काय चाललं होतं? कुणी म्हातारं माणूस दार उघडत नाही, कुणाचं पोर आतून कडी लावून बसलंय, की चौकीतून शिपाई यायचा, चला म्हणायचा, आणि बाबा पिशवी घेऊन निघायचे. दार न मोडता उघडायचं आणि जाताना पहिल्यासारखं लावून द्यायचं. तू भरती झालास तेव्हा, पथकात जायच्या आधी, नव्या कडक वर्दीत तूच एकदा त्यांना बोलवायला आला होतास, आणि रस्त्याने त्यांच्या दोन पावलं पुढे चालत होतास. बाबा आठवडाभर त्या चालीची नक्कल करत होते. तर त्यांना वाटलं, वर्दी दाराशी उभी आहे म्हणजे दार उघडायचंय, आणि दार उघडायचंय म्हणजे आपलं काम.

ते हसत हसत रस्ता ओलांडून गेले. पथकातले ओरडत होते, थांब, खाली बस, हात दाखव. बाबांनी पिशवीत हात घातला, वाकड्या तारांचा जुडगा काढायला. पुढचं फार पटकन झालं. ते तोंडावर पडले होते, एकाचा गुडघा पाठीत होता आणि एकाची बंदूक मानेला टेकली होती. हत्यारं रस्त्यावर उधळली. दार फुटलं. ज्याला शोधत होते तो जुना भाडेकरू होता, आणि शिंपी तिथे राहायला यायच्या आधीच तो घर सोडून गेला होता. मग सगळे गाडीत बसले आणि निघून गेले. चुकलो असं कुणी म्हटलं नाही. बाबांचे पुढचे दोन दात गेले.

त्या दिवसापासून बाबा उंबरठ्याच्या आत आहेत. मी लोखंड आणून दिलं, त्यांनी अडसर घडवले. शिंप्याने मागितला, मग त्याच्या शेजारणीने, मग बघता बघता गल्लीने. बाबा घरात बसून घडवायचे, मी जाऊन बसवून यायचे. मास्तरीणबाई एकट्या राहतात, त्यांच्या घराची जादा किल्ली चौकीतल्या भिंतीवर टांगलेली असायची, इतरही एकट्या म्हाताऱ्यांच्या असायच्या. सगळ्यांनी किल्ल्या परत आणल्या. परवा किराणावाल्याचं दुकान फोडलं, तो तक्रार द्यायला गेला नाही. म्हणाला, "चोर एकदाच येऊन गेला. यांना कोण घरात घेईल?" चौकीसमोर आता वाळूची पोती रचलीत आणि बोलायला काचेत एक भोक ठेवलंय.

बाकी क्षेम. तू ये म्हणजे झालं.

तुझी ताई


शुक्रवार, संध्याकाळ व्हायच्या आत

ठोंब्या,

आज आशीर्वाद वगैरे राहू दे.

काका म्हणाले, पत्र तुझ्या हातात दिलं. तू ते उभ्या उभ्या वाचलंस, घडी घातलीस, खिशात ठेवलंस.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"मला पाणी पाजलं."

"आणि?"

"आणि काही नाही, पोरी."

काल मी बराकीच्या फाटकाशी जाऊन आले. तिथल्या पहारेकऱ्याच्याही तोंडाला फडका. माझ्या भावाला भेटायचंय म्हटलं, त्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, इथे नावं चालत नाहीत, नंबर सांगा. मला तुझा नंबर माहीत नाही रे. तुझ्या कांजिण्या मला आठवतात, तुला गणितात किती मार्क पडायचे ते आठवतं, तू अंधाराला घाबरून माझ्या पांघरुणात शिरायचास ते आठवतं. यातलं काही फाटकावर चालत नव्हतं. उन्हात उभी राहिले आणि परत आले.

आता मी खरं लिहिते, कारण वेळ नाही आणि मला आता कशाचं काही वाटत नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं, तुला माहीत नसेल म्हणून सांगते. तुला माहीत आहे. तू तिथे होतास. बाबांच्या मानेला बंदूक लावून जो उभा होता तो तूच होतास.

दुकानाच्या छपरावरून पडून तुझा पाय मोडला, तेव्हापासून तू उभा राहिलास की डावं पाऊल बाहेर टाकतोस. तुला पन्नास हेल्मेटं घातली तरी मी ओळखीन. मी दुकानातून घसा फोडून ओरडत होते, त्यांना ऐकू येत नाही, त्यांना ऐकू येत नाही. मला कुणी विचारलं नाही, मी रस्त्यावरची एक ओरडणारी बाई होते. पण तुमच्या त्या सगळ्या माणसांत, बाबा बहिरे आहेत हे माहीत असलेला तू एकटा होतास. एक शब्द बोलायचा होता. तू बोलला नाहीस.

मी हे स्वतःला खूप समजावून पाहिलं. तू गोंधळला असशील. तोंडातून आवाज फुटला नसेल. तू बोलला असतास तर त्यांना कळलं असतं की हा तुझा बाप, आणि मग तुझं काय झालं असतं कोण जाणे. किंवा कदाचित तू तिथे उभा राहिलास म्हणूनच दुसऱ्या कुणी गोळी घातली नाही. हेही मी मनाला सांगून पाहिलंय. कधी पटतं. भाकरी थापायला बसले की पटत नाही.

तू ये म्हणून लिहिलं तेव्हा मला वाटत होतं, बाबांना हे माहीत नाही. त्यांचं तोंड रस्त्यावर दाबलेलं होतं, तुझ्याकडे बघायला त्यांना मानच वळवता येत नव्हती. म्हणून मी गप्प राहिले. घरात तुझा विषय निघाला की मी किल्ली कापायला बसायचे, तेवढा आवाज विषय बुडवायला पुरतो, जरी ज्यांच्यासाठी करायचा त्यांना तो ऐकू येत नसला तरी.

आज दुपारी काका पुन्हा आले. उद्या सकाळी, म्हणाले. एवढंच.

 मग मी उठले आणि आपलं दार काढायला घेतलं. अडसर नव्हे, अख्खं दार, बिजागरीतून. फोडायला काही नसलं तर ते फोडणार नाहीत, आणि बाबांना गल्लीच्या तोंडापासून ते येताना दिसतील, एवढाच माझा हिशोब. दुसरं काही सुचलं नाही. मला वाटलं बाबा अडवतील. त्यांनी वाकून खालची बिजागरी चाचपली. मग म्हणाले, "खालचा खिळा आधी काढ, नाहीतर सगळं वजन तुझ्या अंगावर येईल." आणि त्यांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून दार भिंतीला टेकवून ठेवलं. गल्लीत सगळ्यांच्या खिडक्यांच्या फटीतून डोळे दिसत होते, पण बाहेर कुणी आलं नाही. मी कुणाला दोष देत नाही. त्यांच्या दारांना अडसर मीच बसवलेत.

बाबांची खुर्ची मी दारासमोर मांडली. घरातली सगळी हत्यारं मागे मोरीत नेऊन ठेवली, अगदी भाजी चिरायची सुरीसुद्धा. ते बसले, मांडीवर हात उघडे ठेवून, मी दाखवलं तसे. नंतर माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तो असेल का त्यांच्यात?"

मी म्हटलं, "मला काय माहीत."

"मागच्या वेळी होता."

 त्यांनीच सांगितलं. डोळ्यांसमोर फक्त बूट होता, म्हणाले, आणि बुटाच्या नाडीची गाठ उलटी. डावऱ्या हाताने बांधायची ती गाठ त्यांनी तुला घरच्या पायरीवर बसून शिकवली होती, उजव्या हाताची तुला जमेना म्हणून. बाबांना पहिल्यापासून माहीत होतं, ठोंब्या. त्या रस्त्यावर पडल्यापडल्याच. एवढे दिवस ते अडसर घडवत बसले आणि त्यांनी मला अवाक्षराने कळू दिलं नाही, आणि मी त्यांना.

मग म्हणाले, "त्याला लिही. उद्या आलास तर पुढे येऊ नकोस, सगळ्यांच्या मागे उभा राहा म्हणावं. काही झालंच तर त्याच्या हातून व्हायला नको. त्याला अजून सगळा जन्म काढायचाय."

हे त्यांचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही.

माझं म्हणणं उलटं आहे. तू सगळ्यांच्या पुढे ये. हेल्मेट काढ, तोंडावरचा फडका खाली कर, चेहरा उघडा ठेवून ये, आणि बाबांना दिसेल असं सावकाश बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. काहीही बोल. ते उठतील आणि तुझ्याबरोबर चालू लागतील. तुझी नोकरी जाईल. जाऊ दे. तुझ्यावर खटला भरतील. भरू दे, मी रोज तुझा डबा घेऊन येईन. पण तू मागे उभा राहिलास आणि पुढच्याने काही केलं, तर तू मागे होतास म्हणून बाबांना समाधान वाटेल, मला वाटणार नाही.

बापाचं ऐकायचं की बहिणीचं ते तू ठरव. काका बाहेर उभे आहेत, त्यांना हे पत्र देते. बाबांना मी सांगितलंय की रात्री आत झोपा, ते ऐकत नाहीत, म्हणून मीही इथेच आहे. दारातून आत येणाऱ्याला आधी मी लागेन.

बाबांच्या खुर्चीपुढे बसलेली,
तुझी ताई