साक्षीदाराची सही

धुळे, ता. २८ मे १९५५

प्रिय लीलाधर,

तुझं पाकीट परवा पोचलं. आत कागद होता, खुशालीच्या दोन ओळी नव्हत्या. जळगावच्या कचेरीत तुला पंखा मिळाला म्हणे. शोभतोस! दोन वर्षांपूर्वी याच धर्मादाय दवाखान्यात आपण दोघं एका खाटेवर आळीपाळीनं झोपायचो. तेव्हा तू शपथ घेतली होतीस, की अधिकारी झालो तर कुठल्याच शिकाऊ डॉक्टरला सलग दोन पाळ्या लावणार नाही. आता ट्रस्टच्या दोन्ही दवाखान्यांच्या पाळ्या तूच लावतोस. शब्दाला जागलास बाबा. दोन नाही लावल्यास, सहा लावल्यास.

पटकीची साथ आली तेव्हा इथे आम्ही तिघं शिकाऊ डॉक्टर होतो. एकजण स्वतःच आडवा झाला, दुसऱ्याला तू जळगावला ओढून घेतलंस. उरलो मी आणि ऐंशी खाटा. मी तार केली, तुझं उत्तर आलं, 'निभावून ने.' तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी एकाच रोग्याची नाडी मी तीनदा पाहिली आणि तिन्ही वेळा तो मला नवाच माणूस वाटला. जेवताना घास हातात धरून झोपलो.

भडगावचा उखर्डू त्याच सकाळी आला. बावीस वर्षांचा, अगदी अर्धमेला. सलाईन लावल्यावर दुपारी बोलायला लागला, चहा मागायला लागला. दोन वाजता नवी बाटली लावली आणि त्याच्या पायाशी स्टुलावर बसलो. त्याची आई धुरपदाबाई खाली बसली होती. म्हणाली, "भाऊ, जराखा डोळा लावा. मी आठेच बठेल शे." मी म्हणालो, बाटली संपत आली की उठवा.

चार वाजता मला जाग आली. बाटली कधीच संपली होती. पोराचे हात गार पडले म्हणून ती ते पदरात धरून चोळत बसली होती. मग मी खूप धावपळ केली, पण पाचाच्या आत तो गेला. मी जागा असतो तर तो वाचला असता, लीलाधर. यात मला कसलीच शंका नाही.

आणि मी त्या बाईवरच ओरडलो. उठवलं का नाही म्हणून. ती रडत म्हणाली, "तुमनं तोंड दखं भाऊ, नि उठाडाले मना जीव नही व्हयना."

तुझा कागद म्हणतो, 'नातेवाइकाच्या हयगयीमुळे मृत्यू.' त्यावर तिचा अंगठा तुम्ही आधीच घेतलाय, साक्षीदार म्हणून माझी सही हवी. सही केली तर पुढच्या महिन्यात प्रमाणपत्र, नाही केली तर सहा वर्षांचं शिक्षण पाण्यात. काल एस.टी.नं भडगावला गेलो आणि तिला कागद वाचून दाखवला. वाटलं, दोन शिव्या तरी देईल. तेवढ्यानंही बरं वाटलं असतं. तिनं मला ताक दिलं आणि म्हणाली, "खरंच शे ना, मी उठाडं नही. करी टाका सही. तुमनी मायना पोऱ्या तरी मार्गी लागू द्या."

कागद मी तिच्या चुलीत टाकला. आज सकाळी जिल्हा कचेरीत माझा लेखी जबाब देऊन आलो: बहात्तर तास जागा होतो, मग झोपलो, आणि माझ्या झोपेत रोगी गेला. पाळ्या कोणी लावल्या, या प्रश्नापुढे तुझं नाव लिहिलंय. तुला बोलावणं येईलच. सरकारी शिपायाच्या हातून कळण्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझाच,
रुपचंद