साहेबाले दंडारीत मारायचं ठरलं

१४ सप्टेंबर २०२५, देहरादून

फसलो! तोंडानंच फसलो!

फकिरामामाचा फोन आलता. मामा आमच्या गावच्या दंडारीचा मालक. कथा तोच जोडते, ढोलकी तोच वाजवते, रुसलेल्याले तोच मनवते. दिवाळी झाली का गावात मंडई भरते, जत्राच ती, अन् त्या दुपारी दंडार, म्हणजे आमचं गाण्या-बजावण्याचं नाटक. मामा म्हणे, "यंदा कथाच नाही सुचून राह्यली गा. तीच तीच सासू-सून पाहून लोक उठून जातात."

अन् मी बोलून बसलो — मामा, माझ्या साहेबावर करा! मेजर जनरल त्र्यंबक देवपुजारी! आपल्या बालाघाटचेच! एकाहत्तरच्या लढाईत वीर चक्र. मग नव्व्याण्णवच्या बरफाच्या लढाईत अख्खी ब्रिगेड त्यांच्या हाताखाली, त्याचं अजून एक पदक. मी त्यांच्याच घरी राहतो, चहा देतो, गाडी पुसतो, रोज फिराले नेतो!

मामा म्हणे, "येतीन का ते मंडईले?"

"येतीन न! काहून नाही येणार!"

साहेबाले अजून विचारलंच नाही.

१६ सप्टेंबर

आज फिरताना साहेबाकडून नदीची लढाई काढून घेतली. बालाघाटकडच्या गोष्टी साहेब फक्त माझ्यासंगच बोलतात. मले ठेवलंही त्याच्यासाठीच. पहिल्या दिवशी म्हणाले, "लांजीकडचा? मग राहा." बस. शाळा किती झाली, विचारलंही नाही. (नववी. तीही अर्धी.)

तर नदी. पूर्वेची सरहद्द, साहेब तेव्हा चोवीस वर्षाचे कप्तान. पूल उडवलेला. पलीकडच्या काठावर मशीनगन, अलीकडं अख्खी कंपनी अडकलेली. साहेब थोडे जवान घेऊन पाण्यात उतरले. पोहणं शिकले होते आपल्या वैनगंगेत, वडील जंगल खात्यात होते तेव्हा. मांडीत गोळी लागली तरी पलीकडं गेले, मशीनगन बंद केली, कंपनी पार झाली!

माझ्या अंगावर काटा! मी म्हटलं, "मग जी?"

"मग काय. दुपारी डाळ-भात आला."

वीर चक्राची गोष्ट अन् शेवटी डाळ-भात! मामा मले मारते आता.

१९ सप्टेंबर

रोज मामाले फोन. मी सीन सांगतो, मामा कापते.

"लढाई कमी कर गा. रडणं वाढव."

"बरफ कोठून आणू?" — मग त्यालेच सुचलं. कापूस! लांजीच्या रजईवाल्याकडून पोतंभर.

"माय पाहिजे." मी म्हटलं, मामा, त्यांची आई बालाघाटले होती अन् लढाई तिकडं सरहद्दीवर. "मंग येईल न! माय हाय ते. नाही आली तं बाया उठून जातीन." मायचं काम आमच्या दंडारीतला तेजराम करणार. त्याच्यासाठी मिशी काढाले तयार झाला, मोठी गोष्ट हाय.

कप्तान मी! "तू त्याले रोज पाहतेस, तूच कर." हौ म्हटलं! दहादा हौ म्हटलं!

अन् शेवटी कप्तान मरणार, मायच्या मांडीवर. मी म्हटलं, "मामा, ते जिवंत हायेत."

"दंडारीत नाही चालत."

"रोज सकाळी उठून चहा पेतात ते!"

"ते त्यांचं ते पाहतीन."

२२ सप्टेंबर

पोस्टर आलं फोनवर. छापून, चिकटवून मोकळे! "प्रमुख उपस्थिती" अन् खाली साहेबाचा वर्दीतला फोटो. खताच्या दुकानवाल्याचा फोटो त्याच्याहून मोठा.

मग बाबूजीचा फोन. "सगळ्यायले सांगतलं मी. यंदा तरी मले तोंडघशी पाडू नको बाबू."

भरतीच्या वेळी असंच झालतं. मी धावण्यात मागं पडलो, अन् बाबूजीनं आधीच गावाले सांगून ठेवलतं का भैयालालचा पोट्टा फौजेत गेला म्हणून. तेव्हापासून पानठेल्यावर बसले का लोक म्हणतात — "सरका गा, फौजीचे बाप आले." बाबूजी हसून घेतात. घरी येऊन जेवत नाहीत.

यंदा नाही. यंदा साहेब गेलेच पाहिजेत.

२८ सप्टेंबर

विचारलं.

"निगेटिव्ह," म्हणाले. पेपरातून डोकं वर नाही. "सत्कार, हार, शाल — मला नको. तू जा. रजा देतो."

साहेबाची मुलगी मधुवंतीताई तिथंच होत्या. "बाबांचे गुडघे बघितलेस मोहित? दोन दिवसांची रेल्वे म्हणजे गंमत आहे का?"

ताई खरं बोलतात, हाच तं तरास हाय.

पोस्टरचं नाही सांगितलं.

२ ऑक्टोबर

झालं! झालं! झालं!

दुपारी किचनमध्ये तालीम करून राह्यलतो. साहेबासारखं उभं राहाचं — डावा हात पाठीमागं, मान थोडी वर, बोलाच्या आधी जरासं थांबाचं. हे मले आता झोपेतही येते. मग गोळी लागली, मी फरशीवर पडलो, लाटणं छातीशी धरलं अन् म्हटलं, "माय वं... वैनगंगेचं पाणी पाज वं..."

दारातून आवाज — "कोण मरतंय?"

मी ताडकन उभा! हातात लाटणं. अन् मग सगळंच बाहेर पडलं. दंडार, मामा, पोस्टर, बाबूजी, पानठेला, सगळं. रडलो नाही, पण जवळपासच होतो.

साहेबानं फोन हातात घेऊन पोस्टर पाहिलं. लय वेळ पाहिलं.

"हे खतवाले माझ्यापेक्षा मोठे कसे?"

"त्यायनं मंडप देला जी."

"करेक्ट." मग म्हणाले, "आणि मी कशानं मरतो?"

"गोळीनं. पण आधी गाणं होते."

"गाणं कोण म्हणतं?"

"तुम्हीच जी. गोळी लागल्यावर."

"आणि आई?"

"ते येते न जी. बालाघाटहून."

साहेब खुर्चीवर बसले अन् हसाले लागले. असे मी त्यायले कधीच पाहिले नव्हते! चष्मा काढला, डोळे पुसले, परत हसले. ताई धावत आल्या, त्यांना वाटलं ठसका लागला.

"मधू," म्हणाले, "स्वतःचं मरण बघायला कुणाला मिळतं? तिकिटं काढ."

११ ऑक्टोबर

व्हिडिओवर तालीम. तिकडं मामाच्या आंगणात सगळे, इकडं मी अन् बाजूले साहेब! तेजरामनं साहेबाले पाहून पदर डोक्यावर घेतला. मामाले बोलताच येईना, नुसता जी जी जी.

साहेबानं एका पोट्ट्याले झापलं — "बंदूक अशी धरलीस तर स्वतःचाच पाय जाईल." तो पोट्टा आता गावभर सांगत फिरते, मले जनरलनं शिकवलं म्हणून.

मायच्या गाण्याले साहेब बोटानं ताल धरून होते. मी पाहिलं.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. ताई पूर्ण मानल्या नाहीत, पण पिशवी भरून राह्यल्या. गुडघ्याचे पट्टे, गोळ्या, मलम, परत गोळ्या. मले चारदा म्हटलं, "फोन बंद ठेवायचा नाही."

२५ ऑक्टोबर, घरून

पोहोचलो! दिल्ली, गोंदिया, बालाघाट. साहेब खिडकीले चिकटून. गोंदियाच्या पुढं तं लहान पोरासारखे — "इथं धान अजून उभं आहे! तो पळस बघ!"

बालाघाटले मी म्हटलं, घर पाहाले जाऊ का जी, तुमचं क्वार्टर? म्हणाले, "आधी नदी." वैनगंगेच्या काठावर काठी टेकून उभे राह्यले. मग म्हणाले, "अरुंद झाली की मी मोठा झालो?" अन् गाडीत बसले.

गावात काय झालं! वेशीवर अख्खं गाव, बँड, आरत्या. साहेब स्वेटरमध्ये, डोक्यावर माकडटोपी. अन् आमच्या गाडीचा ड्रायव्हर असा दांडगा, मिशी पिळलेली. बाबूजीनं सगळ्यात पुढं धावत जाऊन हार घातला — ड्रायव्हरले! बायायनं ओवाळलं, तेही त्यालेच. तो बिचारा, "मी गोंदियाचा हावो, मी गोंदियाचा हावो!" साहेब मागं उभे राहून टाळ्या वाजवून राह्यलते!

मग कळलं तेव्हा बाबूजी जमिनीत गाडले गेल्यासारखे. साहेबानं त्यायच्या खांद्यावर हात ठेवला. "भैयालालजी, मिशी बघून मीसुद्धा त्यालाच घातला असता."

बाबूजी रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

२७ ऑक्टोबर

सगळं आजच लिहितो!

मंडई अशी भरली का पाय ठेवाले जागा नाही. पाळणे, जिलेबी, धूळ. लांजीकडून, परसवाड्याकडून लोक. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या करून त्याच्यावर बाया बसल्या. साहेब सगळ्यात पुढं खुर्चीवर, बाजूले बाबूजी, नवीन शर्टात.

मी कप्तान म्हणून आलो अन् डावा हात पाठीमागं घेतला — साहेब खो खो हसले! बरफाच्या सीनमध्ये (मामानं बरफ आधी घेतला, नदी शेवटी ठेवली, म्हणे नदी ओली असते, रडण्याले तीच बरी) एक बकरी आत घुसली अन् बरफ खाऊ लागली. दुश्मन तिले हाकलू लागले. साहेब हसून हसून बेजार, बाबूजी त्यांना पाणी देऊन राह्यले. मी मनात म्हटलं, जिंकलो आपण!

मग नदी. निळ्या लुगड्यातून पोहत मी पलीकडं गेलो. धाड! गोळी. गाणं म्हटलं, पडलो. तेजराम धावत आला, डोकं मांडीवर घेतलं अन् मायचं रडणं सुरू केलं. खरंच चांगलं गाते तो. ट्रॉल्यायवर सगळे पदर डोळ्याले. मी एक डोळा किलकिला करून साहेबाकडं पाहिलं.

साहेब हसत नव्हते.

ते उठले. काठी न घेता उठले. सरळ आत आले, आमच्या मधात. ढोलकी बंद पडली.

"उठ!"

हा आवाज मी कधी ऐकला नाही. चहा मागताना नाही, ताईवर चिडताना नाही.

"उठ बेटा! लेटना नहीं है! उस पार जाना है, उठ! देख मेरी तरफ! उठ!"

अन् वाकून माझा दंड धरला. मी दंडार विसरलो, मामाले विसरलो. साहेब उठ म्हणतात तं उठाचं, एवढंच कळलं. "जी साहेब!" म्हणून ताडकन उभा राह्यलो!

अन् मग! बाप्पा! शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर! असं मंडईत कधीच झालं नाही — मेलेला कप्तान उठला! तेजराम रिकामी मांडी घेऊन तोंड उघडं ठेवून बसला, मग तसाच उठून नाचाले लागला. मामानं माईक हिसकला — "पाहा रे पाहा! जनरल साहेबाचा हुकूम! मरण बी माघारी गेलं!" बाबूजी खुर्चीवर चढून ओरडत, "माझा पोरगा! तो माझा पोरगा!" पानठेलेवाला स्वतः पान लावून त्यायले देत होता!

साहेबानं माझा दंड सोडला नव्हता. मी त्यायले धरून खुर्चीवर बसवलं तेव्हा सोडला. बोटं उमटली हायेत, आता लिहितानाही दिसून राह्यली. पाणी मागितलं. थकले असतीन.

संध्याकाळी तीन गावचे लोक मामाकडं. हीच दंडार पाहिजे, अन् शेवट असाच पाहिजे — साहेबानं उठाचं, हुकूम द्यायचा, कप्तानानं उठाचं! मामा पागल झाला. "सात जन्मात मले असा शेवट जोडता आला नसता गा! साहेबाले विचार, चार दिवस राहतीन का?"

राहतीन न! काहून नाही राहणार! उद्या सकाळीच विचारतो.

२८ ऑक्टोबर

साहेब खाटेवर बसून चहा पेत होते. मी विचाराच्या आधी तेच बोलले.

"काल उठलास तू."

"हौ जी. तुमचा हुकूम होता न."

"त्या नदीवर माझा एक जवानही असाच पडला होता. किती हाका मारल्या. तो नाही उठला."

फकिरामामा आंगणात उभा राहून मले इशारे करून राह्यला. मी साहेबाजवळच बसलो हाय.