ऑपरेशन राळेगाव, व्हर्जन सात

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.
दीपा रुसून माहेरी राळेगावला गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. भांडणात मी ताट फेकलं हे खरं. पण भिंतीवर फेकलं, तिच्यावर नाही. बायकांना हा फरक कळत नाही. मी तापट नाही, स्पष्ट आहे.
रिकाम्या घराचं सोनं करायचं ठरवलं. लढाईचा एक ओपन-सोर्स गेम उतरवून घेतला. फुकट. सोबत मॅप एडिटर येतो. घर, झाड, तोफ माऊसने ओढायची आणि हवी तिथे सोडायची. वेबसाइटवर लिहिलंय, पाच मिनिटांत कुणालाही जमेल. म्हणजे मला दोन.
पहिला मॅप: सासरवाडी. सासरे बाबाराव यांचं घर हा शत्रूचा किल्ला. मी, धम्मरत्न, कोण आहे ते त्यांना दिसेलच.

३ नोव्हेंबर, सोमवार.
घर हुबेहूब झालं. ओसरी, गोठा, कडुलिंब, मागचं दार. त्या दाराची कडी लागत नाही, ही गोष्ट घरच्यांशिवाय फक्त मला ठाऊक. छपरावर मशीनगन घेऊन मेव्हणा बबलू, मिशीसकट.
हल्ला केला. माझे चाळीस सैनिक ओळीने विहिरीत पडून मेले. विहीर मी अंगणभर पसरवली होती म्हणे. एडिटरची चूक. माऊस आपटला, फुटला. तसाही जुनाच होता.

५ नोव्हेंबर, बुधवार.
नवा माऊस. तोफेचं तोंड फिरवलं. पहिला गोळा माझ्याच सेनापतीला. मुंडकं गोठ्यात सापडलं. रक्त मात्र छान दाखवलंय, पार गव्हाणीपर्यंत.
संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. म्हणाले, "जयभीम जवाईबापू. माफीगिफी काही मागू नका. फक्त या, बसा, चा प्या. तुमाले पाहून पोरगी काय ते ठरवन."
आपल्याकडे बायको रुसून गेली की नवऱ्याने स्वतः जाऊन आणायची, हे मान्य. पण मी बरोबर ओळखलं. शत्रू तहाची भाषा बोलतोय, म्हणजे आतून खचलाय. अशा वेळी चढाई थांबवायची नसते. कामात आहे, असं सांगितलं.

८ नोव्हेंबर, शनिवार.
व्हर्जन सात. विजय! बबलूला एकेचाळीस वेळा मारला. गोळीने, बॉम्बने, सुरीने, एकदा तर बैलगाडीखाली घालून. मन हलकं झालं. मॅपमध्ये दीपाला ठेवलेलं नाही. बाईमाणसाला त्रास देणं माझ्या तत्त्वात बसत नाही.
'पब्लिश' दाबलं. नाव दिलं: 'बाबाराव यांचे घर, राळेगाव'. कामात प्रामाणिकपणा हवा.

१० नोव्हेंबर, सोमवार.
तीन डाउनलोड! त्यातले दोन माझे. तिसरा कुणीतरी जाणकार दिसतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४.
तिसरा बबलू होता. तोही हाच गेम खेळतो म्हणे. एसटीने यवतमाळला उतरून थेट लोहाऱ्याला, आमच्या ऑइल मिलच्या वजनकाट्यावर आला. मी तिथे ऑपरेटर आहे. म्हणाला, "भाऊजी, आमच्या मांगच्या दाराची कडी लागत नाही, हे साऱ्या दुनियेले कायले सांगून राह्यले? आन मले बैलगाडीखाली काहून घातलं?"
मी शांतपणे समजावलं की ही कला आहे. त्याने शांतपणे माझ्या नाकावर ठोसा मारला. मी स्टूल फेकलं, ते काट्याच्या केबिनच्या काचेला लागलं. त्याने मला सरकीच्या ढिगात लोळवलं आणि छातीवर बसून हाणलं. मी त्याचा दंड कडकडून चावलो. शेवटी ट्रकवाल्या खेमसिंगने आम्हाला सोडवलं.
निकाल: मला भुवईवर चार टाके, एक दात गेला, आठ दिवस कामावर यायचं नाही असा मालकांचा हुकूम. त्याचा शर्ट फाटला. एकंदरीत बरोबरी.
जाताना तो म्हणाला, "दीपाताई पिशवी भरून बसलती. रोज तुमची वाट पाहून राह्यलती. काल तिनं तुमचा मॅप पाह्यला, आन पिशवी रिकामी केली."
हे मुद्दाम लिहून ठेवतोय. मला खच्ची करायचा हा डाव आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.
उद्या राळेगावला जायचं ठरवलं. घाबरून नाही, मोठ्या मनाने. शर्टला इस्त्री करायला घेतली. इस्त्री नीट तापेना म्हणून आपटली. आता अजिबातच तापत नाही. शिवाय टाके घातलेलं तोंड घेऊन गेलो तर हरल्यासारखं दिसेल. पुढच्या आठवड्यात बघू.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.
साइटवर नवा मॅप. बनवणारी: दीपा. बबलूच्या लॅपटॉपवर केला असणार. बनवायला लागलेला वेळ: चाळीस मिनिटं. डाउनलोड: चौसष्ट. माझी नक्कल आहे, पण उघडून पाहिला.
आमचं लोहाऱ्याचं घर. सैनिक नाही, तोफ नाही, काही नाही. आत शिरलो. स्वयंपाकघराच्या भिंतीला पाच खड्डे दाखवलेत. बदनामीची हद्द झाली. उठून खऱ्या भिंतीपाशी गेलो, मोजले. माझ्या हिशेबाने तीन होते. पाच आहेत. एक फ्रिजच्या बाजूला, ती पोळ्या लाटायला उभी राहते तिथे, तिच्या डोक्याच्या उंचीवर. तो मला आठवत नव्हता. बोट घालून पाहिलं, पेरभर आत गेलं.
मॅपच्या दुसऱ्या टोकाला राळेगावचं घर. मागच्या दाराला कुलूप. दोन्ही घरांच्या मध्ये नुसतं गवत.
जाणकार म्हणून खाली कमेंट टाकली: मॅप बरा जमलाय, पण लोहारा ते राळेगाव रस्ता टाकायचा राहून गेला.
दोन मिनिटांत तिचं उत्तर आलं: राहून नाही गेला. होता. मी पुसला.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
सकाळपासून एडिटर उघडून बसलोय. आज काहीही आपटलेलं नाही. रस्ता टाकायचं बटण मात्र सापडत नाही.