सदर इसम घरी मिळून आला नाही

काल्हेर
६ फेब्रुवारी २००७

प्रिय उन्नती,

बापाचं पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच केला असता, पण गेला महिनाभर तू फोनवर दोन शब्द बोलतेस आणि "यांच्याशी बोला" म्हणून दर्शनरावांकडे देतेस. जावयाशी बोलून बोलून किती बोलणार? तिकडे थंडी किती, इकडे डास किती, की संपलं. नातीचं नाव पूर्वा ठेवलं हेसुद्धा मला त्यांच्याकडूनच कळलं. तुझा राग मला समजतो. तुला आई नाही, बारशाला माहेरचं एकच माणूस मी, आणि मीच आलो नाही. वर का आलो नाही तेही खोटं सांगितलं. मॅट्रिकनंतर एवढं लांबलचक लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आधी घरची खबर. आपल्या मागच्या शेतावर तिसरं गोदाम उभं राहिलं. कंटेनर मागे घेताना दिवसभर पीं-पीं वाजत असतो, आणि रविवारी तो वाजला नाही की मला करमत नाही, इतकी वाईट सवय लागली. घर दोन मजली, माणूस एक. वरच्या मजल्यावर मी आठ-आठ दिवस पाय ठेवत नाही. आक्का शेजारून दोन भाकऱ्या आणि कालवण पाठवते, स्वतः मात्र गुडघ्यांमुळे येत नाही. जेवताना मी टीव्ही लावतो. बातम्या देणारी बाई निदान माझ्याकडे बघून तरी बोलते.

आता मूळ गोष्ट. २००२ साली आपल्या गावाने रास्ता रोको केला होता, तुला आठवत असेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे राहून शाळेच्या पोरांना चालायला वाट उरली नव्हती, म्हणून. त्याचा गुन्हा दाखल झाला. पोलिसांना नावं हवी होती, तेव्हा गावकी बसली आणि ठरलं की प्रत्येक आळीने एक नाव द्यायचं. आपल्या आळीतून खरं तर चुलत घरातल्या भाविकने सगळ्यात जास्त घोषणा दिल्या होत्या, पण तो नोकरीच्या खटपटीत. पोराच्या नावाला डाग नको म्हणून मी माझं नाव पुढे केलं. अकरा आळ्या, अकरा नावं. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू.

भिवंडीच्या कोर्टाची तारीख लागली ती नेमकी तुझ्या हळदीच्या दिवशी. मांडवात पाचशे माणूस येणार, आणि मुलीचा बाप कोर्टाच्या बाकावर? मी गेलो नाही. बाकीचे दहाजण गेले, गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि संध्याकाळी आपल्या मांडवात येऊन नाचलेसुद्धा. मला वाटलं, मिटलं. गुन्हा गावाचा, नावं गावाने दिलेली, मग दहाजण जाऊन आले म्हणजे अकराव्याचंही त्यात आलंच की! कोर्टाला गावकी कळत नाही, हे मला कुणी सांगितलंच नाही. पुढची समन्स मी देवघराच्या फळीवर ठेवून दिली. तुझी आई तेव्हा आजारी होती, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती गेली, आणि नंतर दोन महिन्यांनी वॉरंट आलं.

वॉरंट घेऊन येतो तो हवालदार ओळखीचा. दाराशी सायकल लावतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही घरी न्हाय हाव. चाय टाका." मी चहा टाकतो. तो माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच पेनाने लिहितो, "सदर इसम घरी मिळून आला नाही." दीड वर्षात चार-पाचदा हे झालं. आधी मला त्याची गंमत वाटायची. नंतर नंतर, तो गेल्यावर त्या ओटीवर बसून राहिलो की वाटायचं, माणूस काही खोटं लिहीत नाही. या घरात खरंच कोण मिळून येतं?

अशात तू विमानाचं तिकीट पाठवलंस. मी अख्ख्या आळीला दाखवलं. आक्काने मेथीचे लाडू वळले, मी सुका जवळा तीन पिशव्यांत बांधला, पूर्वासाठी चांदीचे वाळे घेतले. आक्का म्हणाली, "जा तू, घराची फिकीर नको करू. पोरीला आय न्हाय, बाप तरी दिसूं दे." आदल्या दिवशी तिकीट पुन्हा वाचायला घेतलं, तर इंग्रजीत छापलेलं, केसरीनाथ दामू पाटील. वॉरंटावर आहे तसंच, तिन्ही नावांसकट. विमानतळावर नाव तपासतात म्हणे, तिथेच मला धरलं तर? विचारणार कुणाला? भाविकला विचारलं असतं तर, आपल्यामुळे काकांवर वॉरंट, हे त्याच्या मनाला लागलं असतं.

उन्नती, मी विमानतळावर आलो होतो. भाविकने गाडीने सोडलं आणि तो गेला. दारात बंदूकवाला जवान प्रत्येकाचं तिकीट आणि ओळखपत्र बघत होता. माझ्या पुढे चारच माणसं उरली, तेव्हा त्याने एकाला बाजूला उभं केलं आणि वॉकीटॉकीवर काहीतरी बोलला. तो माणूस नंतर आत गेलासुद्धा, पण तोवर मी रांगेतून बाहेर पडलो होतो. डोळ्यांसमोर एकच, मला धरलं, तुला फोन गेला, आणि बारशाच्या घरात तुझ्या सासूबाईंसमोर ही बातमी. बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलो, विमानाची वेळ टळेपर्यंत. तिथूनच तुला फोन केला की मला चक्कर आली, डॉक्टर नको म्हणतात. तू विचारलंस, बाबा, मागे कसला आवाज येतोय? मी म्हटलं, टीव्ही. तिथेच तुला कळलं, हो ना? रेल्वेने निघालो असतो तर निदान बाराव्याऐवजी पंधराव्या दिवशी पोचलो असतो, हे सुचायलाही मला तीन दिवस लागले.

परवा धीर करून वकिलाकडे गेलो. सगळं ऐकून तो हसला. म्हणाला, "पाटील, तिथं तिकिटावरचं नाव अन् तोंड जुळतंय का तेवढं बघतात. तुमचं वॉरंट अजून पोलीस ठाण्याच्या कपाटाबाहेर पडलेलं नसेल." मीही हसलो. मग खाली येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो आणि भर बाजारात रडलो. तू ऑपरेशनच्या टाक्यांसकट दाराकडे बघत बसली असशील, आणि मी पूर्वाचं बारसं एका जवानाच्या भीतीने घालवलं. मला माफ कर.

येत्या सोमवारी मी आपणहून कोर्टात हजर होतोय. वकील म्हणतो, दंडावर सुटाल. पण जज्जसाहेब चिडले तर एक-दोन दिवस आत ठेवतीलही. तसं झालं तर पोलीस विचारतात, कळवायचं कुणाला? नाव आणि फोन नंबर आत्ताच लिहून ठेवा, असं वकिलाच्या कारकुनाने सांगितलं. मी पेन हातात घेऊन बसलो. तुझी आई नाही. आक्काला फोनवर ऐकू येत नाही. भाविकला हे कळू द्यायचं नाही. गावात पाटलांची तीनशे घरं, पण मला आत टाकलं हे ज्याला कळावंसं वाटेल असं नाव सुचेना. शेवटी तुझं लिहिलं, तुला न विचारता. कारकून म्हणाला, मुलगी येईल का? मी म्हटलं, नाही, फार लांब असते, तिला नुसतं कळवा. त्यासाठी हे पत्र, स्पीड पोस्टाने शनिवारपर्यंत मिळेल. आपला बाप कुठे आहे हे तुला माहीत असावं, एवढीच माझी इच्छा. पण तुझं नाव तिथे नको असेल, तर रविवारपर्यंत तसं सांग. मी खोडून घेईन.

तुझाच,
बाबा